तिसऱ्या चौकटीची वाट

"सर, हसनभाई गिर गया."

फोन फोरमन तिवारीचा होता. मी साइट ऑफिसात महिन्याचा रिपोर्ट तयार करत बसलो होतो. हसन परकार हा आमचा स्कॅफोल्डर, म्हणजे बांधकामाभोवती लोखंडी पाइपांची परांची उभी करणारा माणूस. स्कॅफोल्डर पडला असं ऐकलं की सेफ्टीवाल्याच्या तोंडून एकच प्रश्न निघतो. माझ्याही तोंडून तोच निघाला. किती उंचीवरून?

"हाइट से नहीं सर. नीचे, ज़मीन पर. लेकिन सच में गिरा है."

त्यातलं 'सच में' मला खटकलं. माणूस पडला तर खराच पडतो, खोटा कशाला पडेल? पण विचार करायला वेळ नव्हता. क्लिनिकमधल्या मेल नर्सला फोन केला, पिकअपमध्ये बर्फाची पेटी टाकायला सांगितली आणि निघालो.

मी गेली बरीच वर्षं सौदी अरेबियात, अल-खोबरला, सेफ्टी इंजिनिअर म्हणून नोकरी करतो. माझं काम सोपं करून सांगायचं तर असं : सकाळी जितकी माणसं गेटमधून आत येतात, तितकीच संध्याकाळी धडपणे बाहेर पडतात का हे पाहायचं. दोन्ही आकडे सारखे आले की माझा दिवस चांगला गेला. बायको मला 'वॉचमन' म्हणते. ते फारसं चूक नाही.

तिथे पोचलो तर माणसांचं कडं झालं होतं. हसनभाईला ओढून पाइपांच्या थप्पीच्या सावलीत आणलं होतं. तिवारी त्याच्या डोक्यावर बाटलीतलं पाणी ओतत होता, त्यातलं निम्मं मातीत जात होतं. मी हसनभाईच्या मानेला हात लावला आणि आपसूक मागे घेतला. तापलेल्या पत्र्याला हात लागावा तसं झालं. कातडी कोरडी होती. डावा डोळा सुजून बंद झाला होता, कारण पडताना तो पाइप जोडायच्या क्लॅम्पवर आपटला होता. तोंडातून काहीतरी पुटपुटणं चालू होतं. त्या साइटवर मराठी समजणारा मी एकटाच. मलाही त्यातलं काही समजलं नाही.

याला हीट स्ट्रोक म्हणतात. शरीर घामावाटे स्वतःला थंड ठेवतं. ती व्यवस्था कोलमडली की आतलं तापमान चढत जातं आणि मेंदू भाजायला लागतो. अशा वेळी एकच औषध असतं, ते म्हणजे गारवा आणि तोही ताबडतोब. अंगावरचे कपडे सैल करायचे, काखेत, मानेला, जांघेत बर्फ लावायचा, ओली चादर टाकून वारा घालायचा. जेवढा उशीर, तेवढं नुकसान. नर्सच्या थर्मामीटरवर एक्केचाळीसच्या पुढचा आकडा होता. तो आकडा पाहून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली मान घालून बर्फ लावायला लागला.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर मी कड्यातल्या माणसांना विचारलं, नक्की कधी पडला?

एरवी असा प्रश्न विचारला की पंधरा माणसं एकदम बोलतात. त्या दिवशी एकच जण बोलला. आलम नावाचा बांगलादेशी हेल्पर खाली बघत म्हणाला, "सर, हमने सोचा मिस्टर खलास कर रहा है."

आता मिस्टर खलास कोण ते सांगायला हवं.

आमच्या कंपनीचं चार पानांचं एक साप्ताहिक वर्तमानपत्र निघतं. मेसमध्ये, बसमध्ये, मजुरांच्या कॅम्पच्या दारात त्याचे गठ्ठे ठेवलेले असतात. त्यात कंपनीच्या बातम्या, वाढदिवस, क्रिकेटचे स्कोअर असतात. चौथ्या पानावर खाली एक कॉमिक स्ट्रिप असायची. तीन चौकटींची. पहिल्या चौकटीत प्रसंग, दुसरीत तो वाढवायचा, तिसरीत हसवायचं. वर्तमानपत्रातल्या स्ट्रिपचा हा जगभरचा हिशेब आहे. आमच्या स्ट्रिपचा हीरो होता मिस्टर खलास. ढेरपोट्या, हेल्मेट तिरकं घातलेला कामचुकार. पहिल्या चौकटीत फोरमन त्याला काम सांगतो. दुसऱ्या चौकटीत मिस्टर खलास कपाळावर हात ठेवून, डोळे फिरवून, "खलास!" म्हणत आडवा होतो. खलास हा अरबी शब्द इथे सगळ्यांच्या तोंडी असतो. संपलं, झालं, पुरे, सगळ्याला खलास. तिसऱ्या चौकटीत तो पडल्या पडल्या एक डोळा उघडून फोरमन गेला का ते पाहतो. खाली सुरक्षेचं एक वाक्य. हातमोजे घाला. शिडी बांधून घ्या.

पहिल्यांदा हा विनोद बरा होता. शब्द फारसे नसल्यामुळे भारतीय, नेपाळी, बांगलादेशी, फिलिपिनो अशा सगळ्यांना तो कळायचा. लोकांनी ती पट्टी कापून लॉकरवर चिकटवली. मग मॅनेजमेंटला ती आवडली. मग पुढच्या आठवड्यात तोच विनोद आला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तोच.

मी लहानपणापासून वर्तमानपत्रातले विनोद वाचत आलोय. लाटणं घेऊन दारामागे उभी असलेली बायको, निर्जन बेटावरचं एकुलतं एक नारळाचं झाड, डुलक्या घेणारा कारकून, डॉक्टर आणि विसराळू पेशंट. दरवर्षी दिवाळी अंक उघडला की ही मंडळी हजर. मला त्यांचा कंटाळा आहे, पण राग नाही. शिळी चपाती कुणाला अपाय करत नाही, फार तर चावायला त्रास होतो, असंच मी आजवर धरून चाललो होतो.

स्ट्रिप काढणारा रॉनी नावाचा फिलिपिनो डिझाइनर होता. स्वभावाने गरीब, हाताने चांगला. त्याने मला एकदा सहज सांगितलं होतं की तिसरी चौकट तो आता काढतच नाही. एकदा काढलेलं चित्र कॉम्प्युटरवर ठेवलंय, दर आठवड्याला तेच उचलून चिकटवतो. त्याने दुसरा हीरो, दुसरा शेवट सुचवून पाहिला होता. वरून उत्तर आलं, जे चालतंय ते चालू दे.

आणि चालत होतं हे खरं. मी एकदा मजुरांना विचारत फिरलो होतो की आपल्या पेपरात काय लक्षात राहतं. दहातल्या नऊ जणांना मिस्टर खलास आठवत होता. त्या आठवड्याचं सुरक्षेचं वाक्य काय होतं, हे मात्र एकालाही सांगता आलं नाही. मी दोन्ही गोष्टी रिपोर्टात लिहिल्या. मीटिंगमध्ये पहिल्या गोष्टीवर टाळ्या पडल्या.

पुढे तो विनोद कागदावरून साइटवर उतरला. सकाळच्या टूलबॉक्स टॉकला, म्हणजे काम सुरू होण्याआधी सगळ्यांना उभं करून धोके समजावतात तेव्हा, कुणीतरी कपाळावर हात ठेवून कोसळायचं. मेसच्या रांगेत कोसळायचं. बस उशिरा आली की कोसळायचं. भोवतीचे सगळे एका सुरात "खलास!" म्हणायचे आणि थांबायचे. पडलेल्याने एक डोळा उघडला की हशा. त्यात कुणाला काही नवीन वाटत नव्हतं. तरी हशा यायचाच.

हे कधीही न करणारा एकच माणूस होता. हसन परकार.

हसनभाई रत्नागिरीकडचा. पन्नाशी ओलांडलेला, हडकुळा. नावात हसणं आणि तोंडावर एरंडेल, असं मी एकदा त्याला म्हणालो तर तो गंभीरपणे म्हणाला, "साहेब, वर चढून पाइप लावणाऱ्याने हसू नये. हसताना हात सैल पडतो." तिवारी त्याचा फोरमन आणि खोलीतला जोडीदार. दोघं एकाच खोलीत बारा वर्षं राहिलेले. तिवारी गोरखपूरचा, बडबड्या, मिस्टर खलासची नक्कल करण्यात साइटवर पहिला नंबर. तो हसनभाईच्या मागे लागायचा, एक बार करके दिखाओ, बस एक बार. हसनभाई त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचा.

त्या दिवशी दुपारी मी हॉस्पिटलमधून परत आलो तेव्हा हसनभाई आयसीयूत होता. किडनीचं काय होईल हे डॉक्टर सांगू शकत नव्हते. मेंदूचंही नाही. ऑफिसात आलो तर आलम दारात उभा. त्याने आपला मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. "सर, इसमें है. मैं डिलीट करने वाला था. नहीं किया."

मी तो व्हिडिओ उभ्याउभ्याच पाहिला.

हसनभाई पाइप खांद्यावर घेऊन येतोय. चालता चालता तिरका होतो. पाइप सोडतो. हात कपाळावर नेतो. का नेला ते मला माहीत आहे, हीट स्ट्रोकमध्ये डोकं फुटायला आल्यासारखं दुखतं. डोळे फिरतात. दोन पावलं वेडीवाकडी पडतात आणि तो आडवा होतो. कुठल्याही सेफ्टी ट्रेनिंगमध्ये दाखवावं इतकं ते स्पष्ट आहे. आणि तेच हुबेहूब मिस्टर खलासची दुसरी चौकट आहे.

लगेच सगळ्यांचा आवाज येतो. "खलास!"

मग हशा. मग टाळ्या. शिट्ट्या. आतापर्यंत साइटवर कुणाला इतक्या टाळ्या मिळाल्या नसतील. तिवारीचा आवाज सगळ्यांच्या वर, "अरे वाह हसनभाई, आज तो कमाल कर दिया!" आणि नंतर सगळे थांबतात. कॅमेरा हसनभाईच्या चेहऱ्याजवळ जातो. सगळे त्या चेहऱ्याकडे बघतायत. मजेत, वाकून, कौतुकाने.

ते कशासाठी थांबले होते हे माझ्या लक्षात आलं आणि मी खाली बसलो. ते तिसऱ्या चौकटीची वाट बघत होते. एक डोळा उघडण्याची.

किती वेळ थांबले तो आकडा माझ्याकडे आहे. रिपोर्टात तो लिहिला आहे. इथे लिहीत नाही. माझी सगळी नोकरी आकडे लिहिण्यात गेली, पण तो आकडा लिहिताना पेन चालत नव्हतं.

या नोकरीत मी बरंच पाहिलंय. तुटलेला दोर, घसरलेली शिडी, बंद न केलेला व्हॉल्व्ह. त्यांचा धक्का बसतो, पण तो ओळखीचा असतो. इथे मोडलेलं असं काहीच नव्हतं. चांगली, एकमेकांच्या घरची माहिती असलेली माणसं भर दिवसा एका मरत्या माणसाभोवती उभी राहून टाळ्या वाजवत होती. आणि त्यातल्या एकाच्याही मनात वाईट नव्हतं. ते व्हिडिओत दिसतं. हे मला झेपेना. घरी गेल्यावर सगळं सांगून टाकलं. बायको एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे, तिला रोग आणि मरण नवं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तू तिथे असतास तर?"

मलाही तो विनोद पाठ होता.

दुसऱ्या दिवशी रियाधच्या हेड ऑफिसमधून एचआर हेड नायरसाहेबांचा फोन आला. व्हिडिओबद्दल त्यांनी ऐकलं होतं, पाहिला नव्हता. त्यांचा निर्णय तयार होता. हसणारा फोरमन आणि शूटिंग करणारा हेल्पर, दोघांना फायनल एक्झिट. म्हणजे इकामा, इथला राहण्याचा परवाना, रद्द करून कायमचं घरी. मी म्हटलं, तपास अजून व्हायचाय. ते म्हणाले, "चौगुले, इसमें तपास क्या है? आदमी मर रहा है और ये लोग ताली बजा रहे हैं. ये जानवर हैं." रिपोर्टात मूळ कारण म्हणून 'कामगारांचं वर्तन' लिहा आणि मीटिंगला या, मी येतोय.

मूळ कारण, म्हणजे रूट कॉज, हा आमच्या धंद्यातला महत्त्वाचा शब्द आहे. अपघाताच्या मागे 'का' विचारत जायचं. एका 'का'वर थांबलं की नेहमी कुणीतरी मजूर हाती लागतो. आणखी दोन-तीनदा विचारलं की ऑफिसातला माणूस लागतो. म्हणून बरेच जण पहिल्यावरच थांबतात.

मी तिवारीच्या खोलीवर गेलो. तो हसनभाईच्या रिकाम्या खाटेसमोर बसला होता. मला वाटलं होतं तो नोकरीबद्दल विचारेल. गोरखपूरला त्याच्या घरी सात माणसं त्याच्या पगारावर आहेत, हे मला माहीत होतं. त्याने नोकरीचं नाव काढलं नाही.

तो म्हणाला, "सर, मैं खुश हो गया था."

मग हळूहळू बोलला. हसनभाई नुकताच सुट्टीवरून आला होता. मुलीचं लग्न होतं. जाताना काळजीत होता, परत आला तो हलका होऊन आला. खोलीत सगळ्यांना लाडू वाटले. तिवारीला वाटलं, पोरीचं लग्न झालं, माणूस मोकळा झाला. म्हणून तो पडला तेव्हा तिवारीच्या मनात आलं, चला, इतक्या वर्षांनी हसनभाई आपल्यात आला. दुसरा कुणी असता तर कदाचित संशय आला असता, तो म्हणाला. रोजचा नकलाकार असता तर कुणी बघितलंही नसतं. हसनभाई होता, म्हणून सगळे कौतुकाने बघत उभे राहिले.

मी हे सगळं ऐकत होतो, पण 'सुट्टीवरून आला' या शब्दांशी अडकलो होतो. इथल्या उन्हाची सवय शरीराला हळूहळू लागते आणि महिनाभर बाहेर राहिलं की ती मोडते. त्यात खोबर समुद्रकाठी. हवा इतकी दमट की घाम निघतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम काहीच थंड करत नाही. म्हणून नव्या माणसाला आम्ही सुरुवातीचे दिवस हलकं काम देतो. पण नियमात 'नवा माणूस' असं लिहिलं होतं. सुट्टीवरून आलेला जुना माणूस त्यात बसत नव्हता. हसनभाई ऐन उन्हाळ्यात कोकणातून आला आणि दुसऱ्याच सकाळी पाइप खांद्यावर घेऊन उन्हात गेला. दुपारी उघड्यावर काम बंद ठेवायचा इथे नियम आहे, पण तो पडला सकाळी. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं.

माझ्या रिपोर्टात मूळ कारणं दोन आली. एक, सुट्टीवरून येणाऱ्यांसाठी नियम नाही. दोन, कंपनीच्या वर्तमानपत्राने आजारी पडण्याचं लक्षण दर आठवड्याला नाटक म्हणून शिकवलं.

मीटिंग साइटवरच्या पोर्टाकॅबिनमध्ये होती. अध्यक्ष होते आमचे प्रोजेक्ट मॅनेजर, इंजिनिअर फहद. तरुण सौदी माणूस. कमी बोलतात, आवाज चढवत नाहीत. नायरसाहेबांच्या विमानाला उशीर झाला होता, तेव्हा फहद म्हणाले सुरू करा. मी दुसरं कारण वाचलं. वर्तमानपत्र चालवणाऱ्या विभागाचे साहेब उसळले. कार्टूनमुळे कुणाला हीट स्ट्रोक होतो का? पाचवीतलं पोरही कार्टून आणि खरा माणूस यातला फरक ओळखतं. तुम्ही मजुरांना वाचवायला बघताय.

त्यांचं म्हणणं खोडायला माझ्याकडे आकडे होते, तरी फहदसाहेबांच्या चेहऱ्यावरून ते पुरेसे वाटत नव्हते. ते म्हणाले, "मला व्हिडिओ दाखवा."

मी तो भिंतीवरच्या स्क्रीनवर लावला. हसनभाई पाइप घेऊन आला, तिरका झाला. तेवढ्यात दार उघडलं आणि नायरसाहेब हातात कॉफीचा कप घेऊन आत आले. त्यांची नजर सरळ स्क्रीनवर गेली. हसनभाईचा हात कपाळावर, डोळे फिरलेले. तो आडवा झाला.

नायरसाहेब मोठ्याने हसले. "अरे, मिस्टर खलास!"

स्क्रीनवर टाळ्या चालू होत्या. नायरसाहेबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग पुन्हा स्क्रीनकडे. त्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, नुसतं त्याच्या आतलं काहीतरी निघून गेलं. असा चेहरा मी आधी पाहिला नव्हता.

फहदसाहेबांनी हात करून व्हिडिओ थांबवला. नेहमीच्याच आवाजात विचारलं, "मिस्टर नायर, मग तिकिटं तीन काढायची का?"

नायरसाहेब बसले. कप टेबलावर ठेवताना कॉफी सांडली, ती त्यांनी पुसली नाही. मग म्हणाले, पहिल्यापासून लावा, आवाज बंद करून. तो त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. नंतर फायनल एक्झिटचा विषय त्यांनीही काढला नाही आणि दुसऱ्या कुणीही नाही. माझी दोन्ही कारणं जशीच्या तशी मंजूर झाली. माझ्या आकड्यांना जे जमलं नसतं ते त्यांच्या एका हसण्याने केलं. ते मी ठरवून घडवलं नव्हतं, आणि ठरवून घडवता आलंही नसतं.

हसनभाई वाचला. किडनी सावरल्या. वॉर्डात हलवल्यावर मी तिवारीला घेऊन भेटायला गेलो. तिवारी यायला तयार नव्हता, मी त्याला गाडीत जवळजवळ कोंबलं. आम्ही आत शिरलो. हसनभाई डोळे मिटून पडला होता. डाव्या डोळ्यावर पट्टी होती. आमची चाहूल लागली तसा त्याने उजवा डोळा उघडला आणि पडल्या पडल्या आमच्याकडे पाहिलं.

एक डोळा. तिसरी चौकट.

तिवारीने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

मी हसनभाईला विचारलं, काही आठवतं का? तो मराठीत हळू म्हणाला, "टाळ्या ऐकू आल्या साहेब. वाटलं, अजून लग्नघरातच आहे." मग म्हणाला, "लग्नघर आहे नि पाणी कसं कुणी देत नाही, असं मनात आलं."

तिवारीला मराठी येत नाही. मी त्या वाक्याचं भाषांतर केलं नाही. आजतागायत केलेलं नाही.

मग हसनभाईने तिवारीला हाक मारली. तो वळेना. हसनभाई त्याच्या पाठीला उद्देशून हिंदीत म्हणाला, "कितने साल से बोल रहा था, करके दिखाओ. दिखा दिया. अब दुबारा मत बोलना."

बारा वर्षांत त्या माणसाने केलेला हा पहिला विनोद. हसावं की नाही ते मला कळेना. हसनभाईचा चेहरा नेहमीसारखाच होता, म्हणजे एरंडेल घेतल्यासारखा. तिवारी वळला, त्याच्याजवळ गेला, आणि रडता रडता पाण्याचा ग्लास त्याच्या तोंडाला लावला.

पुढचं थोडक्यात. स्ट्रिप बंद झाली. रॉनीने ती तिसरी चौकट कॉम्प्युटरवरून काढून टाकली आणि मला येऊन तसं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. आता त्या जागी शब्दकोडं असतं, ते कुणी सोडवत नाही. सुट्टीवरून येणाऱ्या प्रत्येकाला पहिले दिवस सावलीतलं काम मिळतं. हसनभाई आता स्टोअरमध्ये क्लॅम्प तपासतो आणि खराब क्लॅम्प बाजूला फेकताना पूर्वीपेक्षा जास्त रागाने फेकतो.

आणखी एक नियम केला. साइटवर कुणीही कोसळला तर तो खराच कोसळला असं धरून जवळच्या माणसाने त्याच्यावर बर्फाचं पाणी ओतायचं, चौकशी नंतर. मिस्टर खलास बंद झाल्यावरही सवयीने दोन-चार जण कोसळले. त्यांच्यावर तिवारीने स्वतः बादल्या ओतल्या. पाचवा कुणी कोसळला नाही.

शिळा विनोद कुणाला अपाय करत नाही, असा माझा समज होता. तो चूक निघाला. शिळ्या विनोदालाही माणसं हसतात, मात्र न बघता हसतात. ट्रेनिंगमध्ये मी आता इतकं काही सांगत बसत नाही. एवढंच सांगतो : पडलेला माणूस आधी उचला. हसायचं असेल तर त्याला विचारून हसा.